अंगाची ऊब आणि आप्पांचे तीन प्रश्न
(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने विजेवर लिहावे, हा कुणाला आगाऊपणा वाटेल. पण इचलकरंजीतल्या यंत्रमाग कामगाराच्या मुलीला कापड आणि वीज परकी कशी असतील? वीज गेली की माग थांबतो आणि माग थांबला की मजुरी थांबते, हा धडा आमच्या घरी शाळेच्या आधी मिळतो. म्हणूनच, अंगावरच्या कापडातून वीज मिळू शकते असे ग्रंथालयात वाचले तेव्हा मी चकित झाले.

तत्त्व जुनेच आहे. १८२१ साली बर्लिनमध्ये थॉमस झेबेक यांनी दोन वेगळे धातू टोकांना जोडले आणि एक सांधा तापवला. जवळची चुंबकसुई हलली. त्यांना तो चुंबकत्वाचा प्रकार वाटला. प्रत्यक्षात धातूंतून वीज वाहत होती. एक टोक गरम, दुसरे थंड, एवढ्या फरकावर वीज निर्माण होते. १९७७ साली सोडलेल्या व्हॉयेजर यानांना याच तत्त्वाने, प्लुटोनियमच्या उष्णतेपासून वीज मिळाली.

मग माणसाची ऊब वाया का जावी? शरीराचे तापमान ३७ अंश. बाहेरची हवा बहुधा त्याहून थंड. धाग्याचे एक टोक अंगाला आणि दुसरे हवेला लागले की झाले!

रातपाळीहून आलेल्या आप्पांना मी हे सांगितले. आप्पा चौथी शिकलेले. चहाची बशी खाली ठेवून ते म्हणाले, “समदं खरं. पण त्यो धागा वाकतोय का? मागावर मार सोसंल का? आन् धुतल्यावर काय ऱ्हाईल?”

वाचकहो, शास्त्रज्ञ याच प्रश्नांशी झुंजत आहेत! या कामी नावाजलेले बिस्मथ टेल्युराइड ठिसूळ असते. वाकवले की तडकते. म्हणून स्वीडनमधल्या चाल्मर्स विद्यापीठातील संशोधकांनी रेशमी धाग्यावर वीजवाहक प्लास्टिकचा लेप दिला. २०२४ साली त्यांनी सांगितले, की सात धुण्यांनंतरही धाग्याची वीजवहनक्षमता दोन-तृतीयांश उरते. त्या धाग्याने शिवलेल्या नमुन्यातून ३० अंशांच्या फरकावर सुमारे ६ मिलिव्होल्ट मिळाले. बॅटरीचा साधा सेल दीड व्होल्टचा, म्हणजे अडीचशे पट! शिवाय नमुने सुईने हातांनी शिवायला चार दिवस लागले. हे ऐकून आप्पा हसले. “म्हंजे अजून मागावर यायचंच हाय.”

तो दिवस येईल तेव्हा येवो. पण तेव्हा विणकराला केवळ माग चालवायला बोलावू नये. धागा घडवतानाच त्याला प्रयोगशाळेत बसवावे. पदवीच्या कागदावर माझे नाव येईल, आप्पांचे कुठल्याच कागदावर येणार नाही. तरीही धागा कुठे आणि का तुटतो, हे पुस्तकाआधी त्यांच्या बोटांना कळते.