घारापुरीचे जाळे

गेल्या वर्षी आपल्या कॉलेजात जुन्या वस्तूंचे प्रदर्शन भरले होते. खिडकीजवळच्या टेबलावर एक सुती जाळे पसरले होते, कडेला शिशाच्या गोळ्या ओवलेले. किनाऱ्यावरून फेकायच्या या जाळ्याला आमच्याकडे पाग म्हणतात. शेजारच्या चिठ्ठीवर लिहिले होते, 'कोळी समाजाचे पुरातन जाळे'. ती चिठ्ठी मीच लिहिली होती, आणि जाळे आजीला न विचारता घरून आणले होते.

आजीचे माहेर घारापुरीचे, मोरा बंदरचे. लग्न होऊन ती दिवाळ्याला आली. पुढे १९७० साली सिडको स्थापन झाली, आजूबाजूची शेते गेली, इमारती उठल्या. माहेरची म्हणून तिच्याजवळ उरली ती ही एकच वस्तू. मी भीत भीत तिला प्रदर्शनाला नेले, तर चिठ्ठी वाचून घेऊन ती एवढेच म्हणाली, "माजे बापाचा हाय तो. त्याचा नाव कुठं हाय?"

मला उत्तर सुचले नाही. शिवाय त्याच दिवशी एका हॉटेलवाल्याने ते जाळे भिंतीवर लावायला मागितले होते आणि मी पैशाचा हिशोबही करून ठेवला होता. हे आजीला अजून ठाऊक नाही. अंक हाती पडल्यावर कोणी वाचून दाखवू नये, ही विनंती.

मग तिला घेऊन एकदा भायखळ्याला गेलो. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. याच्याच नावावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलेफंटा म्हटले. त्याचे तुकडे १८६४ साली मुंबईत आणले गेले आणि १९१४ साली जोडले गेले. सांधे अजून दिसतात. आजीने त्याला एक फेरी मारली. शेजारी फोटो काढणाऱ्या एका कुटुंबाला ती आपणहून म्हणाली, "आमचे बेटावरचा हाय यो." त्यांना वाटले, म्हातारी काहीतरी बरळते आहे.

हे संग्रहालय उघडले १८७२ साली. त्याच वर्षी कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, हैसला लोकांच्या एका प्रमुखाने कोरीव लाकडी खांब उभारला होता. १९२९ साली तो स्वीडनला नेण्यात आला. १९९१ साली वारसांना तो स्टॉकहोमच्या संग्रहालयात सापडला, आणि पंधरा वर्षे चिकाटी धरून २००६ साली त्यांनी तो परत नेला. संग्रहालयाला त्यांनी स्वतः कोरलेला नवा खांब दिला. ही हकिगत वाचली तेव्हा मला त्यांच्या चिकाटीपेक्षा एका गोष्टीचे नवल वाटले: इतक्या वर्षांनीही तो खांब कोणाचा, हे त्यांना नावानिशी सांगता येत होते. मला मात्र पणजोबांचे नाव आजीला विचारावे लागले.

हत्ती परत जावा की नाही, यावर मी आजीशी वाद घातला. बेटावर वीज पोचायलाच २०१८ साल उजाडले, तिथे त्याची निगा कोण राखणार, असे मी म्हणालो. ती म्हणाली, आधी काय तो तुमच्या विजेवर उभा होता?

नवी चिठ्ठी मी पुठ्ठ्यावर लिहिली. वर विणणाऱ्याचे नाव, गाव, बंदर. खाली भोके सांधणारीचे, म्हणजे आजीचे नाव. तिला वाचता येत नाही. तिने ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि जाळे पुन्हा खुंटीला टांगले.