मशीन क्लीन आहे

2011 साली वसमतमध्ये माझं दहा बाय दहाचं दुकान होतं. एक असेम्बल्ड कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि बाहेर 'सर्व ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील' असा बोर्ड. तेव्हा खेड्यातून येणाऱ्या पोरांचा ईमेल आयडी मीच काढायचो, पासवर्ड मीच ठरवायचो आणि एका वहीत लिहून ठेवायचो. कुणालाच त्यात वावगं वाटत नव्हतं.

एक दिवस गुगलवर निकालाची साइट शोधली, क्लिक केलं, तर भलतंच जाहिरातीचं पान उघडलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. अँटीव्हायरस कंपन्यांच्या साइट तर उघडायलाच तयार नाहीत. रात्री लाईट आल्यावर पूर्ण स्कॅन लावला. सकाळी निकाल: एकही व्हायरस नाही. कुरुंद्याच्या एका पोरानं विचारलं, "दादा, व्हायरस आलाय म्हणं?" मी म्हटलं, "मशीन क्लीन आहे." मनातून खापर गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हवर फोडून मोकळा झालो होतो.

सी ड्राइव्ह दोनदा फॉरमॅट केला. दोन्ही वेळा तो परत आला.

नांदेडचा एक मित्र फोनवर म्हणाला, "रूटकिट असंल." युनिक्समध्ये रूट म्हणजे सर्वाधिकार असलेला वापरकर्ता, ते अधिकार बळकावून लपून राहण्याचं साहित्य म्हणजे रूटकिट. अँटीव्हायरस फाइल वाचायला विंडोजकडेच मागतो. मधे बसलेला रूटकिट त्याच्या हातात खोटी, स्वच्छ प्रत ठेवतो. माझ्याकडचा निघाला टीडीएल-4. हा डिस्कच्या पहिल्या 512 बाइटच्या सेक्टरमध्ये, म्हणजे एमबीआरमध्ये, शिरतो आणि विंडोजच्या आधी सुरू होतो. सी ड्राइव्हच्या फॉरमॅटचा हात तिथपर्यंत पोचतच नाही.

याच्या आधीच्या पिढीचा किस्सा भारी आहे. फेब्रुवारी 2010 मध्ये मायक्रोसॉफ्टचा एक अपडेट आला आणि रूटकिट असलेल्या मशीन निळा पडदा दाखवून बंद पडू लागल्या. तेव्हा रूटकिट लिहिणाऱ्यांनीच घाईनं आपल्या मालाची दुरुस्ती करून पाठवली. गिऱ्हाईक मेलं तर धंदा कसा चालणार!

मित्रानं त्याच्या लॅपटॉपवरून कॅस्परस्कीचं टीडीएसएसकिलर सीडीवर टाकून दिलं. दोन मिनिटांत सापडला. तरी माझा विश्वास बसेना. एक्सपीच्या सीडीवरून रिकव्हरी कन्सोलमध्ये जाऊन फिक्सएमबीआर चालवलं, सगळी पार्टिशन उडवली, विंडोज नव्यानं टाकलं. मग आठवलं: हे सुरू झालं त्याच्या आदल्या आठवड्यात फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचा क्रॅक मीच उतरवला होता.

खरी अडचण वहीची होती. 112 नावं. टीडीएल दुसरे मालवेअर आणून बसवतो, त्यामुळे पासवर्ड गेले की राहिले हे कळायला मार्ग नव्हता. तीन दिवस मी कुणाला काही बोललो नाही. दुकान बुडेल असं वाटत होतं. चौथ्या दिवशी फोन लावायला बसलो. काही नंबर बंद, काहींना पासवर्ड म्हणजे काय तेच समजावून सांगावं लागलं. एकाच्या वडिलांनी विचारलं, "पैसे जातेत का?" त्यांच्याकडे तेव्हा नेट बँकिंग नव्हतं, एवढंच सांगू शकलो.

कुरुंद्याचा पोरगा स्वतः आला. "तुम्ही तर क्लीन हाय म्हणले होते."

"हो, म्हटलं होतं."

मी उठून खुर्ची त्याला दिली. "नवा पासवर्ड तू टाक," म्हटलं आणि त्याचं टाइप करून होईपर्यंत दारात जाऊन रस्त्याकडे बघत उभा राहिलो. एका बोटानं टाइप करत होता, बराच वेळ लागला.