रोज एकच भाग, दोघांनी मिळून



"काकू, सध्या टीव्हीवर काय बघता?" असं बऱ्याच जणी विचारतात. आमच्याकडे जेवणं सूर्यास्ताआधी आटोपतात. प्रतिक्रमण झालं की झोपेपर्यंत दोन तास उरतात. यांनी दुकान मुलाकडे सोपवल्यापासून ते दोन तास फार लांब वाटायला लागले होते. हे एका खोलीत, मी दुसऱ्या खोलीत, आणि दोघांच्या हातात मोबाईल. शेवटी मीच नियम केला. रोज एकच भाग बघायचा, मोठ्या टीव्हीवर, दोघांनी मिळून.

सुरुवात 'गुल्लक'पासून करा. सोनी लिव्हवर आहे, पहिला सीझन 2019 चा आणि भाग फक्त पाच. वीजखात्यातले मिश्राजी, त्यांची बायको आणि दोन मुलगे. गोष्ट सांगते ती घरातली मातीची गुल्लक. आईचं काम आपल्या गीतांजली कुलकर्णी यांनी केलंय. महिन्याचा हिशोब जुळवणाऱ्या प्रत्येकीला ती शेजारीण वाटेल.

मग प्राइम व्हिडिओवरची 'पंचायत' बघा. फुलेरा गावात प्रधान आहेत मंजूदेवी, पण कारभार बघतात त्यांचे यजमान. पहिल्या सीझनच्या शेवटी झेंडावंदनासाठी मंजूदेवी राष्ट्रगीत पाठ करतात. नीना गुप्तांचा तो भाग बघताना माझे डोळे भरून आले. मात्र अधूनमधून शिव्या आहेत, नातवंडं जवळ असतील तर जपून.

तिसरी 'स्कॅम 1992'. ही 2020 साली आली, दिग्दर्शन हंसल मेहतांचं. सुचेता दलाल आणि देबाशिष बसू यांच्या पुस्तकावर आधारलेली आहे. मी बी.कॉम. असल्याने मला तर मेजवानीच! बँका एकमेकींशी सरकारी रोख्यांचे व्यवहार करायच्या, पण प्रत्यक्ष रोख्यांऐवजी नुसती पावती हातात पडायची. पावतीमागे रोखेच नसतील तर? सगळा घोटाळा या एका प्रश्नात आहे. शिव्या इथेही आहेत, त्यामुळे ही मोठ्यांनीच बघावी.

हे सगळे भाग गप्प बसून बघत होते. बाजार कोसळला त्या भागानंतर यांनी टीव्ही बंद केला आणि म्हणाले, "त्या वर्षी ताईच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे मी शेअर्समध्ये घातले होते. बापूंना शेवटपर्यंत सांगितलं नाही. दुकानावर उधारी करून लग्न पार पाडलं." इतक्या वर्षांच्या संसारात मी हे पहिल्यांदाच ऐकत होते. मुलाच्या मोबाईलवर शेअर्सचं ॲप दिसलं की हे एवढे का चिडतात, तेही त्या रात्री उमगलं.

मी म्हटलं, "हे त्याला तुम्हीच सांगा." रविवारी दुकान बंद होतं, तेव्हा त्यांनी मुलाला शेजारी बसवून सगळं सांगितलं. रागवले नाहीत. मुलगाही उलट बोलला नाही. थोड्या वेळाने त्याने स्वतःच विचारलं, "पप्पा, किती पैसे गुंतवले तर तुम्हाला शांत झोप लागेल?" दोघांनी मिळून एक आकडा ठरवला. परिग्रह-परिमाणावर महाराजसाहेबांचं व्याख्यान आम्ही दर चातुर्मासात ऐकतो. त्या दिवशी ते आमच्या सोफ्यावर घडलं.

तेव्हा तुम्हीही एखादी मालिका निवडा. आणि भाग संपल्यावर लगेच पुढचा लावू नका. टीव्ही बंद करून दहा मिनिटं तशाच बसा. घरातल्या माणसाला काही बोलायचं असेल, तर तो तेव्हाच बोलेल.