गळा आमचा, तबकडी कुणाची?

दरवर्षी 6 डिसेंबरला आम्ही चैत्यभूमीवर जातो. परतताना शिवाजी पार्कातल्या स्टॉलवरून पुस्तके आणि गाणी आणतो. आधी कॅसेट आणायचो, मग सीडी आणि आता पेनड्राइव्ह. मागे आणलेल्या एका पेनड्राइव्हमध्ये शेकडो भीमगीते निघाली. गायकाचे नाव मोजक्या गाण्यांवर होते, कवीचे एकाही नाही. जयंतीच्या मिरवणुकीत त्याच गाण्यांवर आम्ही नाचलो. एका पोराने विचारले, "हे लिहिलं कुणी?" आमच्यापैकी कुणालाच सांगता आले नाही.

तेव्हापासून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गायकांचा इतिहास पुन्हापुन्हा आठवतो. जोतीराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती तिथल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना. मुक्ती मिळाली, पुढे त्या माणसांच्या आवाजाचे काय झाले?

जॉर्ज जॉन्सन हा गुलामगिरीत जन्मलेला माणूस. न्यूयॉर्कमध्ये रस्त्यावर शीळ घालून पोट भरायचा. 1890 च्या सुमारास ध्वनिमुद्रणाचा धंदा उभा राहिला आणि तो पहिला कृष्णवर्णीय रेकॉर्ड-गायक झाला. तेव्हा मेणाच्या नळकांड्यांच्या प्रती काढायची चांगली सोय नव्हती. म्हणून तेच गाणे त्याला दिवसभर पुन्हापुन्हा गावे लागे आणि एका वेळेचे साधारण 20 सेंट मिळत. त्याची गाजलेली गाणी कृष्णवर्णीयांचीच टिंगल करणारी होती. गोऱ्या गिऱ्हाइकाला तेच हवे होते. हे आम्हाला परके वाटत नाही. गावाला मिरवणुकीपुढे आमची हलगी हवी होती, पण वाजवणारा मंदिराच्या पायरीखालीच उभा राहिला.

जेम्स रीस युरोप या बँडप्रमुखाने वेगळी वाट धरली. त्याने आधी संघटना बांधली. 1910 साली न्यूयॉर्कमध्ये 'क्लेफ क्लब' स्थापन झाला. कृष्णवर्णीय वादकांची ती युनियनच होती. वादक हवे असतील तर क्लबकडे मागा, ठरलेले पैसे द्या. 1912 मध्ये शंभरावर वादक घेऊन तो कार्नेगी हॉलच्या मंचावर उभा राहिला. 1913 च्या अखेरीस व्हिक्टर कंपनीने त्याच्या बँडच्या तबकड्या काढल्या. त्याच वर्षी जुलैत बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले होते. कोलंबिया विद्यापीठाच्या शेजारीच हार्लेम. एकाच शहरात, एकाच हिवाळ्यात एक जण जातीचा अभ्यास करत होता आणि दुसरा वादकांची संघटना चालवत होता.

1920 मध्ये मामी स्मिथची 'क्रेझी ब्लूज' प्रचंड खपली आणि कंपन्यांना शोध लागला की कृष्णवर्णीय माणूसही पैसे मोजून गाणी घेतो. लगेच 'रेस रेकॉर्ड्स' या नावाने वेगळ्या याद्या निघाल्या. पैसा चालला, पण पाणवठा वेगळाच राहिला.

मग 1921 साली हॅरी पेसने 'ब्लॅक स्वान' ही कृष्णवर्णीयांच्या मालकीची कंपनी काढली. रसायनशास्त्राचा पदवीधर फ्लेचर हेंडरसन तिथे संगीत सांभाळत होता, एथेल वॉटर्स गात होती. संचालकांमध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस होते. 1946 साली बाबासाहेबांनी पत्र लिहिले ते याच ड्यू बॉइस यांना.

इथे टाळ्या वाजवून थांबता येत नाही. याच कंपनीच्या दारात बेसी स्मिथ आली आणि तिला नकार मिळाला. तिचा आवाज त्यांना फार रांगडा वाटला. 1923 मध्ये गोऱ्यांच्या कोलंबिया कंपनीने तिला घेतले आणि तिची पहिलीच तबकडी लाखोंनी खपली. तिला मात्र गाण्यामागे ठरीव रक्कम मिळाली, रॉयल्टी नाही. मोठ्या कंपन्यांची स्पर्धा आणि नव्याने आलेला रेडिओ यांपुढे ब्लॅक स्वानचे त्याच वर्षाअखेर दिवाळे निघाले. सुमारे 160 गाणी मुद्रित करणारी बेसी 1937 साली अपघातात गेली. तिच्या कबरीवर दगड बसायला 1970 साल उजाडले.

परक्यांनी पैसा लुटला, हे आम्ही सहज बोलतो. पण आपल्याच माणसांनी आपलाच आवाज रांगडा म्हणून दाराबाहेर ठेवला, हे कोण बोलणार? आमच्यातही शिकलेल्या घरांत भीमगीतांना नाक मुरडणारे आहेत. त्यांना चळवळ भाषणात हवी, कव्वालीच्या ठेक्यात नको. भीमराव कर्डकांचे जलसे आणि वामनदादांची गाणी नसती, तर अक्षर न ओळखणाऱ्या आमच्या आजीपर्यंत बाबासाहेब कसे पोहोचले असते?

म्हणून आमचे म्हणणे दोन गोष्टींचे आहे. पहिली मालकीची. 2012 मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. गाण्याचे हक्क विकले तरी गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क उरतोच. आमच्या किती गायन पार्ट्यांना हे ठाऊक आहे? कोऱ्या कागदावर सही करू नका. जयंती मंडळांनी मानधन आधी ठरवावे, लेखी द्यावे. दुसरी गोष्ट नावाची. गाणे लावण्याआधी कवीचे, गायकाचे नाव माइकवर घ्या.

आम्ही सुरुवात केली आहे. पेनड्राइव्हमधली गाणी घेऊन वस्तीतल्या म्हाताऱ्यांकडे बसतो, वहीत नावे लिहितो. पहिल्याच संध्याकाळी एक बाबा गाणे ऐकता ऐकता चिडले. म्हणाले, "शेवटचं कडवं कुठंय? त्यातच तर कवीचं नाव आहे!"

कवीने आपले नाव गाण्यातच गुंफून ठेवले होते. डीजेच्या मिक्समध्ये ते कडवे कापले गेले होते आणि त्याच मिक्सवर आम्ही नाचलो होतो.

जयभीम!