झऱ्यावर मोट चालत नाही

चार्जरवर ‘12 व्होल्ट’ लिहिलेले असते, इंजिन उचलायच्या होइस्टवरही ‘12 व्होल्ट’. मग मध्ये बॅटरी कशाला, सरळ जोडून टाकू, असे गॅरेजमध्ये सर्रास बोलले जाते. पिंपळनेरसारख्या बाजाराच्या गावात, जिथे आसपासच्या पाड्यांचे ट्रॅक्टर आणि पिकअप दुरुस्तीला येतात, हा प्रश्न पुस्तकी नाही. इंजिन उतरवायला दोन माणसे कमी पडतात आणि बारा व्होल्टची मोटर समोर दिसत असते. तरीही माझे मत ठाम आहे: होइस्ट चालवायचा तो बॅटरीवरच. चार्जरने फक्त ती बॅटरी भरत राहावे. व्होल्ट जुळले म्हणजे काम जुळले, असे होत नाही. प्रश्न अँपिअरचा आहे.

हिशेब मांडून पाहू. 400 किलोचे ओझे मिनिटाला तीन मीटर वेगाने उचलायचे, तर दोरावर साधारण 200 वॅट लागतात. गिअर आणि मोटरमध्ये निम्म्याहून जास्त ताकद जाते असे धरले, तर बॅटरीतून 500 वॅटच्या आसपास, म्हणजे चाळीसेक अँपिअर ओढले जातात. हे झाले चालू असताना. सुरू होण्याच्या क्षणी मोटर याच्या कितीतरी पट मागते. गॅरेजमधला चार्जर मात्र बहुधा दहा-पंधरा अँपिअरचा. आता दुसरी बाजू पाहा. एक मीटर उचलायला वीस सेकंद लागतात. तेवढ्यात खर्च होतो जेमतेम पाव अँपिअर-तास, आणि दहा अँपिअरचा चार्जर तो दीड-दोन मिनिटांत भरून काढतो. म्हणजे चार्जर दुबळा नाही, त्याच्याकडून भलतेच काम मागितले जाते. विहिरीचा झरा बारीक असला तरी रात्रभरात विहीर भरतो. मोट मात्र साठलेल्या पाण्यावर चालते, झऱ्यावर नाही. इथे बॅटरी ही विहीर आहे.

‘पण माझ्या चार्जरवर मोटर फिरते,’ असे कोणी म्हणेल. रिकामी फिरेलही. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या चार्जरमधून येणारा प्रवाह सपाट नसतो. सेकंदाला शंभर वेळा तो खाली पडतो आणि बॅटरीच त्याला सांभाळून घेते. बॅटरी काढली आणि ओझे लावले की व्होल्टेज कोसळते. मग होइस्टचा रिले टकटक करू लागतो, प्रत्येक टकटकीला संपर्काच्या चकत्यांवर ठिणगी पडते आणि तांबे काळवंडते. चकत्या एकदा चिकटल्या की बटण सोडले तरी मोटर थांबत नाही. वर ओझे असताना यापेक्षा वाईट काय असेल? नवे इलेक्ट्रॉनिक चार्जर तर समोर बॅटरी दिसल्याशिवाय बहुधा सप्लायच सोडत नाहीत. वेल्डिंग सेट जोडण्याचा विचारही करू नये. तिथे उघड्या टोकांवर पन्नासच्या वर व्होल्ट असतात, आणि साध्या सेटमध्ये सप्लाय एसी असतो.

मग 230 व्होल्टचाच होइस्ट का घेऊ नये? आक्षेप रास्त आहे. दिवसभर उचल-ठेव असेल आणि लाईट भरवशाची असेल, तर तोच घ्यावा. पिंपळनेर ज्या साक्री तालुक्यात आहे, तिथेच शिवाजीनगरला 125 मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा आहे, पण म्हणून गल्लीतल्या गॅरेजची लाईट जात नाही असे नाही. लाईट गेली की एसी होइस्टचा ब्रेक ओझे धरून ठेवतो आणि इंजिन अधांतरी राहते. बॅटरीचा होइस्ट ते खाली तरी आणतो. महिन्यातून एक-दोनदाच इंजिन उतरत असेल, तर मात्र चेनकप्पीसारखे स्वस्त आणि खात्रीचे दुसरे काही नाही.

बॅटरीवर चालवायचे ठरले, तर काटकसर वायरीत करू नका. पाच मीटर अंतर, म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर, सहा चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीने जोडले तर चाळीस अँपिअरला एक व्होल्टहून जास्त वायरीतच जातो. पंचवीसच्या केबलमध्ये तोच पाव व्होल्टच्या आसपास राहतो. फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलजवळच हवा. ओझे उचलताना साधा चार्जर बंद ठेवा, नाहीतर त्याचा ट्रिप पुन्हा पुन्हा पडेल. भरताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून ग्राइंडर आणि गॅस कटरपासून ती दूर, हवेशीर जागी असावी. आणि सर्वांत महत्त्वाचे: गाडी चिखलातून ओढायची विंच म्हणजे होइस्ट नव्हे. टांगलेले ओझे धरून ठेवण्यासाठी तिचा ब्रेक बनवलेला नसतो. उचलण्यासाठीच बनवलेला होइस्ट घ्या, आणि तो असला तरी टांगलेल्या इंजिनाखाली हात घालू नका. आधी खाली घोडी लावा.