ग्वांगझू ते शिआन : नाव, जेवण आणि नमाज

भोसरी, पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात चीन हा शब्द नवा नाही. इथल्या लहान लहान शेडमधल्या कितीतरी यंत्रांवर चिनी अक्षरांच्या पट्ट्या दिसतात. सॅनीसारख्या चिनी कंपनीचा कारखाना तर चाकणमध्येच उभा आहे. ग्वांगझू शहरात १९५७ पासून भरत आलेल्या, वर्षातून दोनदा होणाऱ्या कँटन फेअरला आपल्या भागातले लघुउद्योजक जातात, मशीन पाहतात, भाव ठरवतात आणि परत येतात. मात्र घरच्यांना सोबत घेऊन त्या देशात आणखी आत फिरायचे म्हटले की बहुतेक जण कचरतात. भाषा येत नाही, हलालची खात्री नाही, नमाज कुठे पढायची, आणि तपासणीत दाढी किंवा स्कार्फ पाहून अडवले तर काय करायचे? हे सगळे प्रश्न मनात असतानाच आम्ही दोघांनी कामाचे तीन दिवस संपवून ग्वांगझूहून शिआनला विमानाने जायचे ठरवले. घरातून निघण्यापूर्वी नाव, जेवण आणि नमाज या तीन गोष्टींची तयारी झाली असेल तर हा प्रवास कुठल्याही कुटुंबाला जमण्यासारखा आहे, असे आता आम्ही खात्रीने सांगू शकतो.

आधी वाट सांगतो. चाकणजवळ विमानतळ होणार, असे आपण वर्षानुवर्षे ऐकले. पुढे २०१६ मध्ये पुरंदरची जागा निवडली गेली. त्यामुळे आजही चाकण-मोशीची वाहतूक पार करून लोहगाव गाठावेच लागते. २०२० पासून बंद असलेली भारत-चीन थेट विमाने २६ ऑक्टोबर २०२५ ला कोलकाता-ग्वांगझू मार्गावर पुन्हा सुरू झाली आणि नोव्हेंबरात दिल्लीहूनही उड्डाणे सुरू झाली. आम्ही पुणे-कोलकाता-ग्वांगझू असे गेलो. काही देशांच्या प्रवाशांना चीनमध्ये व्हिसाशिवाय थांबता येते, पण त्या यादीत भारत नाही. आपल्याला व्हिसा आधी काढावाच लागतो.

ग्वांगझू ते शिआन वेगवान रेल्वेने आठ तासांच्या आसपास लागतात, विमानाने पावणेतीन. तिकीट इंग्रजी ॲपवरून काढता येते. खरी काळजी घ्यायची ती नावाची. चिनी नागरिक आपल्या ओळखपत्रावर प्रवास करतो, परदेशी माणूस फक्त पासपोर्टवर. तिकिटावरचे नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळले पाहिजे. आपल्या घरांत इथेच घोळ असतो. आधारवर शेखचे स्पेलिंग एक, पासपोर्टवर दुसरे. आणि अनेक भगिनींच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोराच असतो. तिकिटाच्या फॉर्ममध्ये मात्र दोन्ही रकाने भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. अशा वेळी प्रत्येक कंपनीची रीत वेगळी असते. म्हणून अंदाजाने काही भरू नये. कंपनीला लिहून विचारावे आणि उत्तराची प्रत जवळ ठेवावी. संयुक्त अरब अमिरातीने २०२२ मध्ये एकाच शब्दाच्या नावावर भेटीचा व्हिसा देणे बंद केले, तेव्हा आपल्यातल्या अनेकांना हा प्रश्न कळला. पासपोर्टचे नूतनीकरण करताना आडनाव भरून घेतले तर पुढच्या सगळ्या सफरींचा त्रास वाचतो.

सामान भरताना पॉवर बँककडे नीट पाहावे. २८ जून २०२५ पासून चीनच्या अंतर्गत विमानांत थ्री-सी हे चिनी प्रमाणचिन्ह स्पष्ट छापलेली पॉवर बँकच नेता येते. पिंपरी कॅम्पात घेतलेल्या बँकेवर बहुधा हे चिन्ह नसते आणि ती तपासणीत काढून घेतली जाते. म्हणून आपली घरी ठेवावी आणि गरज असेल तर तिथेच चिन्ह पाहून घ्यावी. मर्यादा १०० वॅट-तासांची आहे. नेहमीची २०,००० एमएएचची बँक साधारण ७४ वॅट-तासांची भरते. ती हातातल्या पिशवीतच ठेवायची, मोठ्या बॅगेत नाही, आणि विमानात वापरायची नाही. लायटर आणि काड्यापेटी कुठल्याच बॅगेत चालत नाही. उलट व्हर्नियर, ड्रिल बिट, धातूचे नमुने अशा कारखान्याच्या वस्तू हातात न ठेवता मोठ्या बॅगेत द्याव्यात. अत्तराची बाटली १०० मिलीच्या आतली असावी. मोठ्या कंपन्यांत इकॉनॉमी वर्गाला बहुधा २० किलो सामान मिळते. स्वस्त कंपन्यांत त्याहून बरेच कमी, म्हणून तिकिटावरचा आकडा वाचून घ्यावा.

ग्वांगझूच्या बाईयुन विमानतळाला आता तीन टर्मिनल आहेत; तिसरे ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाले. टॅक्सीवाल्याला आपले टर्मिनल मोबाइलवर चिनी अक्षरांत दाखवावे. गूगल आणि व्हॉट्सॲप तिथल्या नेटवर्कवर चालत नाहीत. भारतीय सिमचे रोमिंग घेतले तर चालतात. भाषांतराचे ॲप चिनी भाषेसह आधीच उतरवून ठेवावे. पैशांसाठी अलिपेला आपले आंतरराष्ट्रीय कार्ड घरीच जोडून घ्यावे, थोडे रोख युआनही जवळ असावेत.

विमानतळावर चिनी प्रवासी यंत्रावर ओळखपत्र टेकवतात आणि पुढे सरकतात. आपण पासपोर्ट घेऊन सरळ माणूस बसलेला काउंटर गाठावा. तो उड्डाणाच्या पाऊण तास आधी बंद होतो असे धरून दोन-अडीच तास आधी पोचणे बरे. तपासणी आपल्याकडच्यापेक्षा कसून होते; छत्रीसुद्धा बाहेर काढायला सांगतात. पण महिलांची तपासणी महिला कर्मचारीच करतात. आमच्या बाबतीत त्या बाईने स्कार्फवरून हात फिरवला, मानेने पुढे जायची खूण केली, झाले. दाढीकडे कुणी दोनदा पाहिले नाही. आत गेल्यावर ठिकठिकाणी गरम पाण्याचे नळ असतात. रिकामा थर्मास आणि चहाच्या पुड्या जवळ असतील तर चहाचा प्रश्न सुटतो.

आता जेवणाचे. हलालला चिनी भाषेत ‘छिंगचन’ म्हणतात. ही दोन अक्षरे मोबाइलमध्ये साठवून ठेवावीत. उपाहारगृहाच्या पाटीवर, बिस्किटाच्या पुड्यावर तीच शोधायची. नुसते ‘रोउ’ म्हटले तर अर्थ मांस, पण तिथे ते सहसा डुकराचेच समजले जाते, हे लक्षात ठेवावे. विमानात मुस्लिम जेवण हवे असेल तर निदान २४ तास आधी नोंदवावे लागते. जाताना आमच्या नावाची चिठ्ठी लावलेला छिंगचनचा डबा वेळेवर मिळाला. परतीच्या विमानात, नोंद असूनही, डबा चढवलेलाच नव्हता. हवाई सुंदरीने मोबाइलवर माफी लिहून दाखवली आणि केळी आणून दिली. घरून नेलेले खजूर, भाजलेले चणे आणि नानखटाई त्या दिवशी कामी आली. लहान मुले सोबत असतील तर नोंदवलेल्या जेवणावर विसंबून राहू नये. ग्वांगझूत मात्र श्याओबेई भागात अरब, तुर्की, हुई अशी हलाल उपाहारगृहे भरपूर आहेत.

नमाजचा विचार तर तिकीट काढण्यापूर्वीच करायला हवा. आम्ही पाहिलेल्या दोन्ही विमानतळांवर नमाजची खोली दिसली नाही, आणि नोंदणीकृत प्रार्थनास्थळाबाहेर सामूहिक इबादत करण्यावर त्या देशात बंधने आहेत. हनफी मसलकात सफरातही दोन वेळच्या नमाजा एकत्र करण्याची सवलत नाही. शाफई मसलकात ती आहे, म्हणून कोकणी कुटुंबांना थोडे सोपे जाते. आम्ही विमानच असे निवडले की मधे कुठलीही नमाज येणार नाही. फजर हॉटेलवर पढून साडेआठचे विमान घेतले आणि जुहर शिआनच्या मस्जिदीत जमातीने पढलो. एकट्याने पढताना कसर, मुकामी इमामामागे पूर्ण चार रकात, हा नियम सर्वांना ठाऊक आहेच. एक गोष्ट मात्र तिथे गेल्यावरच जाणवते. एवढ्या मोठ्या चीनमध्ये घड्याळ एकच, बीजिंगचे. शिआन ग्वांगझूच्या पश्चिमेला असल्याने तिथे सूर्य सुमारे १८ मिनिटे उशिरा डोक्यावर येतो. घड्याळ बदलत नाही, नमाजच्या वेळा बदलतात. म्हणून शहर बदलले की वेळापत्रकही बदलून घ्यावे.

शिआन विमानतळाहून मेट्रोने नॉर्थ स्टेशन आणि तिथून दुसऱ्या मेट्रोने बेल टॉवरला उतरले की मुस्लिम मोहल्ला चालत गाठता येतो. शिआन म्हणजे जुने चांगआन, रेशीम मार्गाचे टोक. इ.स. ६५१ मध्ये, हजरत उस्मान (रजि.) यांच्या खिलाफतीत, अरबांचे दूतमंडळ इथल्या तांग दरबारात आल्याची नोंद चिनी इतिहासात आहे. ग्वांगझूत हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) यांची म्हणून एक कबर दाखवतात आणि जुम्याला तिथे मोठी गर्दी असते. इतिहासकार मात्र त्यांची कबर मदीन्यात मानतात. शिआनची मोठी मस्जिद इ.स. ७४२ ची असल्याची परंपरा आहे. आजच्या इमारतींची सुरुवात १३९२ मधली, मिंग काळातली. घुमट नाही. चिनी छपरांचे एकामागून एक चौक, मिनाराच्या जागी लाकडी बुरूज, आणि मुख्य दालनात भिंतीच्या फळ्यांवर कोरलेले कुरआन, अरबीत आणि चिनीतही.

तिथे आम्हाला उपयोगी पडली ती आपली घरातली बोली. हुई मुसलमान सलामला ‘सैलियामू’ म्हणतात, इमामाला फारसी आखुंदवरून ‘आहोंग’, आणि नमाजला ‘नैमाजी’. फजरला बामदाद, जुहरला पेशीन, मगरिबला शाम अशी फारसी नावे त्यांच्यात अजून चालतात. अरबीतला ‘सलात’ शब्द आपल्याकडे आणि त्यांच्याकडेही बोलीत मागे राहिला. फारसीतला ‘नमाज’ भोसरीतही पोचला आणि शिआनमध्येही. वुजूखान्यात एका वृद्धाने आम्हाला ‘इंदू?’ असे विचारले. आम्ही मान डोलावून नमाज म्हणालो. त्यांनी हात धरून आम्हाला सफेत नेले आणि नमाजनंतर बाहेर एका उपाहारगृहाच्या दारापर्यंत सोडले. तिथे कडक रोटीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे आपणच करायचे, मग ते मटणाच्या शेरव्यात शिजवून देतात. आपल्या घरच्या शेरवा-रोटीचाच हा भाऊ म्हणायचा.

एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. शिनजियांगमधल्या उइगुर मुसलमानांवर झालेल्या अत्याचारांची दखल संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२२ च्या अहवालात घेतली आहे. इतर प्रांतांतही अनेक मस्जिदींचे घुमट उतरवले गेले. पर्यटकाला चार दिवसांत दिसते ते सगळे चित्र नव्हे. शिआनची भरलेली जमात पाहून सर्वत्र तसेच असेल असे मानू नये. पण तिथल्या माणसाला मस्जिदीत उभे करून या विषयावर प्रश्नही विचारू नयेत. आपण परत येतो, त्याला तिथेच राहायचे असते. त्याच्यासाठी दुआ करणे आपल्या हातात आहे.

इल्मसाठी चीनपर्यंत जावे, असे सांगणारे वचन आपल्याकडे सर्रास हदीस म्हणून सांगितले जाते. मुहद्दिसीन त्याची सनद कमकुवत मानतात. तरी इल्मची ओढ दीनमध्ये पक्की आहे, आणि आपल्या पट्ट्यातून चीनला जाणाऱ्यांची संख्या वाढतेच आहे. मशीन पाहायला जाणाऱ्या भावांनी पुढच्या खेपेला दोन दिवस जोडावेत आणि जमले तर घरच्यांनाही न्यावे. पासपोर्टवरचे नाव आजच तपासावे, खजुरांचा डबा हाताशी ठेवावा आणि विमान नमाजच्या वेळा पाहून निवडावे. बाकीचे, इन्शाअल्लाह, सोपे होते.