पाचवा गोळा

"चाळीस मिनिटं लागतील," दारातल्या मुलाने हसत सांगितलं आणि वहीत आमचं नाव लिहून घेतलं. धरमपेठेतलं ते नवं रेस्तराँ मित्रानेच निवडलं होतं. तिथे टापास मिळतं म्हणे. कंपनीच्या कामाने तो तीन वर्षं माद्रिदला राहून आलेला, तिथे जडलेली सवय. काचेतून आत पाहिलं. शनिवारची गर्दी, खुर्चीला खुर्ची लागलेली, टेबलांवर बशाच बशा आणि बशीत मोजून चार घास.

"टापा म्हणजे झाकण," उभ्या उभ्या तो सांगू लागला. दारूच्या पेल्यात माशी पडू नये म्हणून वर पावाचा नाहीतर मांसाचा काप ठेवायचे, त्यावरून हे नाव पडलं अशी तिकडे गोष्ट सांगतात. गोष्ट खरी की रचलेली ते तेच जाणोत. आपल्याकडच्या चखण्याला बिचाऱ्याला कोणी अशी गोष्ट चिकटवली नाही. बशी मधे ठेवून सगळ्यांनी खायचं, त्यामुळे शेवटी एक तुकडा उरतोच आणि तो उचलायला कोणी धजत नाही. स्पॅनिशमध्ये त्यालाही नाव आहे, 'शरमेचा'.

पंचविसाव्या मिनिटाला माझा धीर सुटला. "गोळीबार चौक?" मी विचारलं. त्याने खिशातून गाडीची किल्ली काढली.

लोहापूल ओलांडून कॉटन मार्केटकडे वळलो. एम्प्रेस मिलच्या जागेपाशी आलो तसे दोघेही बोलायचे थांबलो. १८७७ च्या १ जानेवारीला जमशेटजी टाटांनी सुरू केलेली ती गिरणी आता नाही, तिथे मॉल आहे. मित्राचे बाबा तिथे कामाला होते. दोन वर्षांपूर्वी ते गेले, तेव्हा मी पुण्यात होतो आणि आलो नाही. तिकीट मिळत नाही असं फोनवर सांगितलं. "अरे, कशाला त्रास घेतोस," तो म्हणाला होता.

त्या वाक्यातला 'अरे' मला तेव्हापासून टोचत होता. नागपूरबाहेरच्यांना हे पटणार नाही, पण आमच्याकडे 'बे' ही शिवी नाही. जवळच्या माणसाशी बोलताना वाक्याच्या शेवटी तो आपसूक येतो. तीस वर्षं मी त्याचा 'अबे' होतो, त्या दिवशी 'अरे' झालो. पुढे दोन वर्षं आमचं बोलणं अगदी नीटनेटकं होत राहिलं. दिवाळीला शुभेच्छा, वाढदिवसाला फोन. भांडण झालं असतं तर बरं, मिटवता तरी आलं असतं.

चौकाजवळच्या सावजी भोजनालयातही गर्दी होतीच, फक्त इथे वही नव्हती. ज्याचं जेवण संपत आलं असेल त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभं राहायचं, हीच रांग. सावजी ही मूळची हलबा कोष्टी विणकरांच्या घरची चूल. माग मंदावले तशी कित्येक घरांनी पुढच्या खोलीत बाकडी टाकली आणि बायकांच्या हातची चव विकायला काढली. भिंतीवर पाटी: सुक्कं मटन, खूर, मुंडी, कलेजी, सुंदरी, खिमा गोळे, पाटोडी, डाळकांदा. बकऱ्याच्या आतड्यांना 'सुंदरी' म्हणणाऱ्या माणसाला मी एकदा भेटू इच्छितो.

दहा मिनिटांत जागा मिळाली आणि पोराने न विचारता रस्सा आणून ठेवला. काळसर लाल, वर बोटभर तर्री. नवखा माणूस ती चमच्याने बाजूला सारतो किंवा वाफ दिसत नाही म्हणून बिनधास्त घोट घेतो आणि जीभ पोळून घेतो. तेलाचा थर वाफ वर येऊ देत नाही, सगळी आच खाली कोंडून ठेवतो. ज्वारीची भाकरी त्यात बुडवली की आधी भाजलेल्या खोबऱ्याची आणि खसखशीची चव येते, मग दगडफुलाचा मातकट वास, आणि आपण बेसावध झालो की तिखट. ते घशात नाही, कानामागे लागतं.

"हेही झाकणच की," तर्रीकडे बोट दाखवत मी म्हणालो. तो हसला. बेतानेच.

मग खिमा गोळे आले. प्लेटमध्ये पाच. कॉलेजात असतानाही पाचच यायचे. पाच दोघांत समान वाटता येत नाहीत, म्हणून तेव्हा नियम होता की पाचवा जो खाईल त्याने खर्र्याचे पैसे द्यायचे. नियम कागदावरच राहिला, कारण पाचवा नेहमी त्यानेच खाल्ला आणि पैसे नेहमी मीच दिले. खर्रा आता दोघांनीही सोडलाय.

दोन त्याने खाल्ले, दोन मी. पाचवा स्टीलच्या प्लेटमध्ये थंड होत राहिला, त्याच्याभोवती मसाल्याचं तेल गोठू लागलं.

"घे ना," तो म्हणाला.

"नाही, तू घे."

"अरे, घे. मला पुरे झालं."

पुन्हा 'अरे'. ज्याने तीस वर्षं माझ्या ताटातलं न विचारता उचललं, तो मला आग्रह करत होता, जावईबापूंना करावा तसा. मी भाकरीचे तुकडे मोडत बसलो. तोही पाण्याचा ग्लास उगाच फिरवत होता.

त्याच्या खुर्चीमागे एक जाडसर गृहस्थ केव्हाचे उभे होते, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. त्यांना राहवलं नाही. "भाऊ," ते म्हणाले, "तुम्ही तो गोळा खाऊन राहिले का नुसते पाहून राहिले?"

शेजारच्या टेबलावरचे हसले. मित्रालाही हसू फुटलं, ठसका लागेपर्यंत. डोळे पुसून त्याने भाकरीच्या तुकड्याने गोळा दाबला, तो वेडावाकडा फुटला, आणि मोठा भाग त्याने सरळ स्वतःच्या ताटात ओढला. तोंडात घास असतानाच, माझ्याकडे न बघता, त्याने विचारलं, "काऊन नाही आला बे, बाबा गेले तेव्हा?"

तिकिटाचं ओठावर आलं होतं. ते गिळलं. मागच्या गृहस्थांचा हात अजून खुर्चीवरच होता. मी पोराला हाक मारली आणि आणखी रस्सा आणायला सांगितला.